अनामिक वाचक, पादरा

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी नोकरीभर माल तपासून घेतला. चलनावर लिहिलेला माल खरोखर खोक्यात आहे का, वरचे बोल्ट चकचकीत आणि खालचे गंजलेले तर नाहीत ना, हे बघायचं आणि मगच सही करायची. निवृत्त झाले तेव्हा ही सवय माझ्याबरोबर घरी आली. दूध पातळ वाटायला लागलं, कुरिअरवाल्याचा चेहरा ओळखीचा वाटेना, आणि फोन वाजला की समोरच्याची उलटतपासणी सुरू. आमचे हे म्हणतात, "तुला देव भेटला तरी आधी त्याचं आधार कार्ड मागशील."

अशा बाईने ब्लॉग काढावा हे माझं मलाही पटत नव्हतं. पण निमित्त घडलं. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी दांडिया बाजारातल्या लहानपणावर लेख दिला होता. छापून आला तेव्हा तो निम्मा झाला होता आणि शेवटचं वाक्य तर मी लिहिलेलंच नव्हतं. मी मंडळात जाऊन भांडले. तिथल्या एक बाई कंटाळून म्हणाल्या, "मग तुम्ही स्वतःचा ब्लॉग काढा ना. तिथे कापणारं कोणी नसतं." त्यांनी मला घालवायला म्हटलं असणार. मी ते मनावर घेतलं.

अलकापुरीत एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बायकांसाठी दुपारचा कॉम्प्युटरचा वर्ग चालायचा. शिकवणारी मुलगी गुजराती होती, बोलायला गोड. मी माउसला हात लावायला घाबरते हे बघून ती म्हणाली, "मासी, करडतुं नथी." मावशी, हा चावत नाही. मला चावण्याची भीती नव्हतीच. मला प्रश्न होता तो वेगळा.

"हे सगळं फुकट?" मी विचारलं.

"हां, फ्री."

"मग त्यांना काय मिळतं?"

तिने कधी असा विचारच केला नव्हता. ती हसली आणि मोबाइल नंबर टाका म्हणाली. मी टाकला नाही. दोन दिवस त्या चौकटीशी माझी झटापट चालली. शेवटी ह्यांचा नंबर टाकला, त्यांना न विचारता. मग त्या यंत्राने मलाच विचारलं की तुम्ही माणूस आहात ना, आणि खात्री पटवायला सिग्नलचे दिवे असलेली चित्रं ओळखायला लावली. आयुष्यभर मी दुसऱ्यांना तपासलं. आता मला तपासत होते, आणि माझं एक चित्र चुकलंही.

मराठी टाइप करणं त्याहून अवघड. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटायचं, पण त्याच्या मनाला येईल तसं. 'ज्ञ' सापडेना. 'ऱ्या' तर कुठे लपवून ठेवला होता कोण जाणे. म्हणून मी तो टाळूनच लिहायला लागले. 'पादऱ्याला' असं लिहिता येईना, तर 'पादरा गावी' लिहिलं. वाचणाऱ्याला वाटलं असेल, बाई फार शुद्ध लिहिते.

पहिला लेख आमच्या गल्लीतल्या नळावरच्या गर्दीविषयी होता. तो ब्लॉगवर चढवला आणि रोज कोणी वाचलं का ते बघू लागले. किती जणांनी पाहिलं आणि ते कुठल्या देशातले, एवढं तिथे दिसतं. एके दिवशी सिंगापूरहून कोणी तरी वाचल्याचं दिसलं. सिंगापूरमध्ये आमचं कोणी नाही.

"हेर असेल," आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले. "दांडिया बाजारातल्या नळांची माहिती काढतोय."

ते हसले, पण मी रात्रीच्या आत पासवर्ड बदलून टाकला.

दुसरा लेख मी वडिलांवर लिहिला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. सरकारी कचेरीत कारकून होते. आमचं घराणं मूळचं संस्थानच्या पलटणीतलं. माझे आजोबा संस्थानच्या लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. संस्थान गेलं, बँड मोडला, आणि आजोबा गणवेश घडी करून ठेवून घरी बसले. मी त्यांना पाहिलेलं नाही. वडील मात्र स्वभावाने अगदी शांत, काटकोनात चालणारे, घरात गुणगुणत सुद्धा नसत. त्यांचा एकच शौक होता. रविवारी सकाळी कापडी पिशवी घेऊन ते बडोद्याजवळच्या पादऱ्याच्या बसमध्ये बसायचे. तिथे त्यांच्या कुणा मित्राचं शेत होतं म्हणे. संध्याकाळी परत येताना ओल्या फडक्यात गुंडाळलेली परवळं आणायचे. आई त्यांची भाजी करायची. एवढंच मी लिहिलं होतं. परवळांवर जरा जास्त लिहिलं होतं.

चार-पाच दिवसांनी लेखाखाली कॉमेंट आली. नावाच्या जागी 'अनामिक'.

"तुमचे वडील पादऱ्याला येत, हे खरं. पण शेतावर नाही. त्यांचे पांढरे बूट आमच्या घरी ठेवलेले असत."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. पहिला विचार आला तो असा की ह्या अनामिकाला 'ऱ्या' कुठे सापडला? दुसरा विचार आला तो बुटांचा. माझ्या वडिलांकडे पांढरे बूट नव्हते. ते काळ्या चपला घालायचे, एक जोड झिजेपर्यंत.

मी ह्यांना दाखवलं. ह्यांनी चष्मा लावून वाचलं आणि लॅपटॉपपासून जरा लांब सरकले, जणू काही तो फुटेल.

"बंद करून टाक सगळं. हल्ली असंच असतं. आधी ओळख दाखवतात, मग हळूच ओटीपी मागतात."

"अहो, पण पांढऱ्या बुटांवरून कोण ओटीपी मागेल?"

"नवीन पद्धत असेल."

वर्गातल्या मुलीला विचारलं, कॉमेंट कोणी लिहिली ते शोधता येईल का. नाही म्हणाली. मग मी माझ्याच पद्धतीने गेले. स्टोअरमध्ये एखाद्या पुरवठादाराचा संशय आला की मी मुद्दाम चुकीचं बोलायची. "मागच्या वेळी तुम्ही पितळी पाठवले होते ना?" असं विचारायचं. खोटा माणूस लगेच हो म्हणतो. मी कॉमेंटखाली उत्तर लिहिलं, "तुम्ही वडिलांना पाहिलं असेल, तर त्यांच्या उजव्या हातावर जखमेची खूण होती ती आठवत असेल."

दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. "हातावर नव्हती. हनुवटीखाली होती. दाढी करताना तिथे केस राहून जात."

ही गोष्ट घरच्या माणसाशिवाय कोणाला माहीत असणार? हनुवटीखालची ती खूण बघायला माणसाच्या इतकं जवळ बसावं लागतं.

त्या दिवसापासून मी वडिलांचा माल तपासायला घेतला. शब्द वाईट आहे, पण तसंच होतं ते. एकेक जुनी गोष्ट काढून उलटसुलट करून बघायची. शेताची कामं बाराही महिने असतात. मग वडील दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यात नेमाने जायचे आणि पावसाळाभर घरी कसे बसायचे? पेरणीच्या दिवसांत मित्राला त्यांची गरज नव्हती? परत आले की त्यांचे ओठ सुजल्यासारखे दिसायचे, आणि आई न बोलता तुपाची वाटी पुढे करायची. ऊन लागलं, असं ते म्हणायचे. ऊन फक्त ओठांनाच कसं लागतं? आणि शेतावर जाऊन आलेल्या माणसाच्या पायांना कधी माती नसायची. लहानपणी ह्यातलं काहीच खटकलं नव्हतं. आता सगळंच खटकायला लागलं.

माणसाचे बूट दुसऱ्या घरी असतात, ह्याचा अर्थ काय होतो ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

आणि आई शेजारच्या खोलीत होती. वडील गेल्यापासून ती आमच्याकडेच आहे. ऐंशी ओलांडली तरी कान तिखट. दिवसभर गॅलरीतल्या झोपाळ्यावर, आमच्याकडे हिंचका म्हणतात त्यावर, बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाची चौकशी करते. मी लॅपटॉप घेऊन बसले की विचारायची, "आज काय लिहितेस?" वडिलांवर लिहिल्याचं मी तिला हौसेने सांगितलं होतं, वाचूनही दाखवलं होतं. परवळांचा भाग आला तेव्हा ती उठून पाणी प्यायला गेली होती. आता तेही मला वेगळं वाटायला लागलं.

तिच्या नजरेस पडू नये म्हणून ती कॉमेंट पुसायचं मी ठरवलं. कचऱ्याच्या डब्याचं चित्र दिसलं, ते दाबलं. त्याने काहीतरी विचारलं, मी घाईत 'हो' म्हटलं, आणि कॉमेंटसकट अख्खा लेख नाहीसा झाला. वडील, बस, परवळं, सगळं. खूप शोधलं, मिळालं नाही. डोकं धरून बसले. लेख गेल्याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त हे लागलं की ज्या धाग्याला धरून पादऱ्यापर्यंत जाता आलं असतं, तो मीच तोडला.

पण तो तुटला नव्हता. आठवड्याभरात नळावरच्या लेखाखाली अनामिक पुन्हा उगवला.

"लेख का काढलात? माझं काही चुकलं का? तुम्हाला वाईट वाटेल असं काही नाही. एकदा या. बस स्टँडवर मी न्यायला येईन." खाली फोन नंबर होता.

"बघ," हे म्हणाले. "आला नंबर. म्हणालो नव्हतो?"

"तिने माझा मागितला नाहीये. स्वतःचा दिलाय."

"तिने? बाई आहे हे तुला कसं कळलं?"

मला कळलं नव्हतं. मी मनाशी कधीच तसं धरून चालले होते.

फोन मी केला. पलीकडे खरंच बाईचा आवाज होता, वयस्क, मराठी आमच्यासारखंच बडोद्याचं, मध्येच गुजराती शब्द येणारं. "फोनवर नको, तुम्ही या, दाखवायचंय," एवढंच ती म्हणाली. मी सांगितलं की स्टँडवरच भेटू, घरी येणार नाही. "सारूं," ती म्हणाली, "तुम्हाला जसं बरं वाटेल तसं." तिचा इतका शांतपणाही मला खपला नाही.

मला एकटीला पाठवायला हे तयार नव्हते. आईला सांगितलं, ह्यांच्या कारखान्यातले जुने मित्र आजारी आहेत, बघून येतो.

पादऱ्याच्या स्टँडवर ती बाकावर बसून होती. माझ्याहून थोडी मोठी, सुती साडी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. आम्ही तिघं चहाच्या टपरीपाशी उभे राहिलो. मी तिच्या चेहऱ्यात वडिलांचं काही सापडतंय का ते शोधत होते. कपाळ, कान, नाक. हे सांगायला आज लाज वाटत नाही, कारण कोणीही तेच केलं असतं. तिच्या ते लक्षात आलं असावं. ती जरा हसली आणि पिशवीतून एक फोटो काढून माझ्या हातात दिला.

फोटोत दहा-बारा माणसं दोन रांगांत उभी. अंगात बटणांचे, खांद्यांवर झालरी असलेले कोट. डोक्यावर तुऱ्याच्या टोप्या. पायात पांढरे बूट. पुढे ढोल आणि तुताऱ्या मांडलेल्या. वरातीत वाजवणारा बँड होता तो.

"ओळखलंत?"

नाही ओळखलं. मी प्रत्येक चेहरा पाहिला आणि पुढे गेले. ह्यांनीच बोट ठेवलं. मागच्या रांगेत, हातात क्लॅरिनेट धरून, टोपी जरा तिरपी करून माझे वडील उभे होते. दात दिसतील इतके हसत होते. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून माझी नजर त्यांच्यावरून सरळ निघून गेली होती.

"माझे वडील बँडमास्तर," ती म्हणाली. "त्यांचे वडील आणि तुमचे आजोबा संस्थानच्या बँडात बरोबर होते. नंतर आमच्या घरच्यांनी पोटासाठी लग्नाचा बँड काढला. तुमच्या आजोबांना ते पटलं नाही. ते म्हणायचे, दरबारात वाजवलेलं वाद्य रस्त्यावर घोड्यापुढे वाजवायचं नाही. मुलांकडून तसं कबूल करून घेतलं होतं त्यांनी."

"मग बाबा?"

"त्यांना वाजवल्याशिवाय राहवत नव्हतं. बडोद्यात वाजवलं असतं तर कोणीतरी ओळखलं असतं. म्हणून इथे यायचे. आमच्या घरी कपडे बदलायचे. रविवारी मुहूर्त असला की वरातीत, नसला की ओसरीवर नुसता सराव. आम्ही त्यांना बडोदेवाले म्हणायचो."

पावसाळ्यात लग्नं नसतात. ओठ सुजायचे ते वाजवून. एकेक खोकं उघडत गेलं आणि प्रत्येकात माल चलनाप्रमाणे निघाला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी मात्र विचारलं, "आणि परवळं?"

"आमच्या परसात वेल होते. माझी आई द्यायची. तुम्ही ओल्या फडक्याचं लिहिलंत ना, त्यावरूनच मी ओळखलं."

आमचे हे इतका वेळ फोटो निरखत होते. एकदम म्हणाले, "हे कोट मी पाहिलेत. आमच्या लग्नात हाच बँड होता!"

"होय ना," ती म्हणाली. "तुमच्या सासऱ्यांनीच ठरवला होता. माझ्या वडिलांनी सगळ्यांना बजावलं होतं, बडोदेवाल्यांकडे बघून कोणी हसायचं नाही, रामराम करायचा नाही."

"अहो, पण त्यांनी मला चौकात घोड्यावर किती वेळ ताटकळत ठेवलं! कार्यालय समोर दिसत होतं आणि हे लोक जागचे हलेनात."

"तुमचे सासरे दारात उभे होते ना. कार्यालयात शिरलं की वाजवणं थांबणार. त्यांना ऐकायचं होतं."

मला आठवलं. आम्ही आतल्या खोलीत बसलो होतो आणि आत्या सारखी म्हणत होती, मुहूर्त टळेल, कोणीतरी त्या बँडवाल्यांना पुढे काढा. वडील दारात हार घेऊन उभे होते आणि काही बोलत नव्हते. आम्हाला वाटलं, मुलगी जाणार म्हणून बापाचं मन भरून आलंय.

त्यांच्या क्लॅरिनेटचं काय झालं ते तिलाही माहीत नव्हतं. बँड मोडला तेव्हा वाद्यं इकडेतिकडे गेली. मी त्या फोटोचा मोबाइलवर फोटो घेतला, तोही हलला, पुन्हा घेतला.

परतताना ह्यांना बाजारात ताजी परवळं दिसली आणि त्यांनी घेतली. मी बसमध्ये जागा धरत होते, नाहीतर घेऊ दिली नसती. घरी आल्यावर त्यांनी पिशवी सरळ ओट्यावर ठेवली. आई पाणी प्यायला आत आली होती. तिने पिशवीत हात घालून एक परवळ काढलं, बोटांनी दाबून बघितलं.

"पादऱ्याला गेला होतात," ती म्हणाली.

मी चहाचं भांडं हातात घेतलं.

तिने परवळ परत ठेवलं. माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात विचारलं, "ती आहे का अजून?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा मी चहाचं भांडं तसंच खाली ठेवलं. ज्या शंकेने मी दोन-तीन आठवडे झोप घालवून बसले होते, ती शंका घेऊन ही बाई माझ्या जन्मापासून जगत होती. दर रविवारी तुपाची वाटी पुढे करत होती. ती परवळं चिरत होती, त्यात मसाला भरत होती आणि आम्हाला वाढत होती.

"आई, कोणी नव्हती गं. बाबा बँडमध्ये वाजवायचे." मी तिच्यापुढे मोबाइल धरला. फोटो मोठा करून दाखवला.

तिने बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. तिने मोबाइल ओट्यावर उपडा ठेवला.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी?"

आणि हिंचक्यावर जाऊन बसली. त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, पण कोणाशी बोलली नाही. तिचा राग बघून मी घाबरले. निर्दोष सुटलेल्या माणसावर कोणी इतकं रागावलेलं मी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, "तू बाबांना कधी विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं आणि हो म्हणाले असते, तर तुला घेऊन मी कुठे जाणार होते?" हिंचका पायाने थांबवून ती म्हणाली, "त्यांनी मला सांगायचं होतं. मी काय सासऱ्यांना जाऊन सांगणार होते? सासरे कधीच गेले होते. मी ऐकायला गेले असते. पदर डोक्यावर घेऊन बायकांत उभी राहिले असते, कोणाला कळलं असतं?"

मग तिने पुन्हा फोटो मागितला. आता डोळ्यांजवळ नेऊन तपासला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मागे दारात एक बाई अर्धवट दिसत होती. आईने तिच्यावर नख ठेवलं.

"ही कोण?"

"बँडमास्तरांची बायको असेल."

"असेल म्हणजे? विचार."

मी पादऱ्याला फोन लावला. ती बँडमास्तरांचीच बायको होती. आईने ऐकून घेतलं, "हं" म्हणाली, पण समाधान झाल्यासारखं काही दिसलं नाही. नंतर पादऱ्याच्या त्या बाई आमच्याकडे येऊन गेल्या. आईने त्यांना भाखरी-शाक वाढलं आणि जेवण होईपर्यंत प्रश्न विचारले. ते काय वाजवायचे, कोणाशेजारी उभे राहायचे, चहाला साखर किती घ्यायचे. शेवटच्या उत्तराशी तिने घरातलं प्रमाण ताडून बघितलं. जुळलं.

वडिलांवरचा लेख मी पुन्हा लिहिला, ह्या वेळी सगळं घालून. वर्गातल्या मुलीने 'ऱ्या' कसा काढायचा ते दाखवलं. चढवण्याआधी आईला वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत होती.

"मी तुला विचारलं होतं, ते ह्यात कुठे आहे?" वाचून झाल्यावर ती म्हणाली.

"कोणतं?"

"ओट्यापाशी विचारलं ते."

"ते नाही घातलं. लोक वाचतील, आई."

"वाचू देत. ते काढलंस तर उरलेलं सगळं खोटं वाटेल."

मी ते वाक्य घातलं. आई हिंचक्यावरून उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी बटण दाबलं.

"गेलं?"

"गेलं."

"कुठे गेलं?" तिने विचारलं.

मी कोण कुठून वाचतं ते दाखवणारं पान उघडलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.